पाठराखीण सरांचं भिंग

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लावून मटण न घेता परत जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या तीर्थपुरीच्या कॉलेजातले जीवशास्त्राचे सर. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ. नंबर आला की गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "चाचा, किती हायत आज?" मटणवाले चाचा तितक्याच गंभीरपणे बकऱ्याचे डोळे एकेक करून डब्यात टाकायचे आणि म्हणायचे, "बिलकुल ताजे हैं सर, अजून तुमच्याकडंच बघून राह्यले." मागं उभ्या असलेल्या एखाद्या नवख्याला राहवायचं नाही. "सर, डोळ्याचं कालवण कसं करतेत?" सर वळून त्याला नीट निरखायचे आणि सांगायचे, "मोरचूद टाकून." तो माणूस पुढं कधी सरांच्या घरी चहालासुद्धा आला नाही.

मोरचूद हा सरांचा दुसरा किराणा. मोसंबीच्या खोडांना लावायला आमचे शेतकरी कृषी केंद्रातून तो निळा खडा नेतात, तसाच सरही न्यायचे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि सरांची पीएच.डी. चालली होती डोळ्यातलं भिंग तांब्यानं कसं बिघडतं यावर. चालली होती म्हणजे, मी मराठी शिकवायला कॉलेजात रुजू झालो तेव्हाही चालली होती आणि माझा मुलगा बारावीत त्यांच्या वर्गात जाऊन बसला तेव्हाही चालूच होती. एक मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे आले, तेही निवृत्त झाले. आम्ही चिडवलं की सर शांतपणे म्हणायचे, "गाईड बदलून राह्यले, बकरे बदलून राह्यले, मी आपला तिथंच हाय."

'पाठराखीण सर' हे नाव त्यांना पोरांनी दिलं, आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं. त्या दिवशी माझा तास मोकळा होता म्हणून मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभा होतो. सर सांगत होते, "पोरांनो, अंगातलं बाकी सगळं झिजतं आन नवं येतं. भिंगाच्या मधल्या भागात मात्र नवं काही येत न्हाई. आईच्या पोटात जे प्रथिन भरलं तेच मरेपर्यंत वापरायचं. त्या प्रथिनाची एक घडी असती. घडी बराबर हाय तवर भिंग काचेसारखं. पन ऊन लागतं, वय होतं, साखर होती, आन तांबं, जस्त असले धातू तर लईच बदमाश. त्यायच्यानं घडी मोडती. घडी मोडलेली प्रथिनं एकमेकाला चिकटतेत, त्यायचे गठ्ठे होतेत, आन भिंगात धुकं दाटतं. तोच मोतीबिंदू."

"मंग सगळेच जल्दी आंधळे का होत न्हाईत?" त्यांनी स्वतःच विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "कारण भिंगात पाठराखीण असती. नवरीसंगं सासरी जाती ती. आता मला सांगा, पाठराखीण नवरीचं नशीब बदलती का? न्हाई. सासू बदलती का? न्हाई. ती फकस्त जवळ बसती. नवरी कोलमडली की तिचा हात धरती. हे प्रथिन तसंच. घडी मोडलेल्याला ते पुन्हा सरळ करत न्हाई, नुसतं धरून ठेवतं, दुसऱ्याला चिकटू देत न्हाई. तांब्यानं खोडी काढली तर तांब्यालाबी धरून बसतं. पन अशा पाठराखिणी मोजक्याच असतेत. सगळ्यांचे हात गुंतले की मंग धुकं."

मग त्यांनी दोन परीक्षानळ्या वर धरल्या. दोन्हींत बकऱ्याच्या भिंगाचा अर्क, एकीतून पाठराखीण काढून घेतलेली, दुसरीत ठेवलेली. दोन्हींत मोरचुदाचं पाणी थेंब थेंब सोडलं. पहिली नळी बघता बघता ताकासारखी झाली, दुसरी नितळ राहिली. वर्ग खूश झाला. सर मात्र दुसऱ्या नळीत थेंब सोडतच राहिले, आणि थोड्या वेळानं तीही पांढरी पडली. "बघा, दमली," सर म्हणाले. शेवटच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "सर, तुमचं तर लग्न झालं न्हाई, मंग पाठराखिणीचं एवढं कसं काय माहीत?" डबा खायच्या सुट्टीपर्यंत नाव पक्कं झालं होतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "एकावरून काय बी सिद्ध होत न्हाई." नवे प्राचार्य पहिल्या दिवशी वेळेवर आले, आम्ही म्हटलं माणूस शिस्तीचा दिसतो, सर म्हणाले, एकावरून काय बी सिद्ध होत न्हाई. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी ते खरं करून दाखवलं. स्टाफरूममध्ये कुणी जिलेबी आणली की एक खाऊन हेच वाक्य म्हणायचे आणि दुसरी उचलायचे. त्या जिलेब्यांनी पुढं त्यांना साखरेचा आजार लावला. तो मात्र एकाच तपासणीत सिद्ध झाला, आणि सरांनी तो मुकाट्यानं मान्य केला.

एका विज्ञान दिनाला ग्रामपंचायतीनं सरांना चौकात प्रयोग दाखवायला बोलावलं. झेंड्याच्या कट्ट्यावर टेबल, टेबलावर नळ्या. सरांनी वर्गातलंच भाषण केलं, मोरचूद टाकला, नळी पांढरी झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. विज्ञानाचा प्रसार एवढ्या वेगानं झालेला मी पुन्हा पाहिला नाही. आमच्याकडं रात्री तांब्याच्या भांड्यात भरून ठेवलेलं पाणी सकाळी पिण्याची आणि त्याच पाण्यानं डोळे धुण्याची जुनी रीत आहे. दोन दिवसांत घराघरांतले तांबे माळ्यावर गेले. कुंभार पिंपळगावच्या बाजारात भांडी विकणारा एक व्यापारी थेट कॉलेजात येऊन ठेपला. "सर, तुमच्यामुळं माझा सगळा माल पडून राह्यला! तांब्यानं डोळे जातेत म्हनले म्हनं तुम्ही?"

सर घाबरले नाहीत, पण ओशाळले. "तसं न्हाई म्हनलो हो. नळीतलं तांबं भिंगाला थेट भेटतं. तुमच्या तांब्यातलं पानी भिंगापर्यंत जातच न्हाई." व्यापारी म्हणाला, ते मला नको, लोकांना सांगा. मग सरांनी त्याच्याकडूनच एक तांब्या विकत घेतला आणि आठवडाभर चौकातल्या चहाच्या टपरीवर बसून सगळ्यांदेखत त्यातलं पाणी प्यायले. लोकांची खात्री पटली. घराघरांतले तांबे खाली आले, आणि सरांचं संशोधन चुकीचं निघालं, अशी गावात सर्वत्र समजूत झाली.

गावानं अशा रीतीनं तो विषय मिटवला. फक्त एका माणसानं तो मिटवला नाही. त्या दिवशी चौकात पहिल्या ओळीत डोक्यावर पदर घेऊन सरांची माय बसली होती, आणि सबंध गावात सरांचं भाषण मन लावून ऐकणारी ती एकटीच होती.

माय शाळेत गेलेली नव्हती. नवऱ्याबरोबर तरुणपणी जालन्याला जाऊन तिनं भंगाराच्या वखारीत काम केलं होतं. लोखंडाच्या कारखान्यांकडं जाणारं भंगार वेगळं करायचं आणि जुन्या वायरी जाळून त्यातलं तांबं काढायचं, हे तिचं काम. सर पोटात होते तेव्हाही ती त्या धुरात बसत होती. पुढं नवरा गेला, ती लेकराला घेऊन माघारी आली, रोजंदारीवर राबली आणि त्याला शिकवलं. बुद्धविहारात पौर्णिमेला वंदना सुरू करायची ती मायनंच, इतका तिचा आवाज खणखणीत होता.

चौकातल्या भाषणानंतर वर्षभरातच सरांच्या डोळ्यांत धुकं दिसायला लागलं. पन्नाशी यायची होती. सुरुवातीला गंमत झाली. सर मोटारसायकलवरून जाताना विजेच्या खांबाला हात करायचे आणि प्राचार्यांना ओळखायचे नाहीत. प्राचार्यांच्या बाबतीत ते मुद्दाम असावं, असा आमचा कयास होता. पण प्रात्यक्षिकाला त्यांच्या हातून एका पोराच्या हातावर ॲसिड सांडता सांडता राहिलं, आणि हसणं थांबलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त, साखरेमुळं लवकर आलाय.

हे मायला पटलं नाही. मी त्या दिवशी त्यांच्या घरीच होतो. ती म्हणाली, "तूच म्हनला न्हाई का चौकात? भिंग पोटात बनतं. तांब्यानं बिघडतं. मी तवा तांब्याच्या धुरात बसल्ते."

"माय, मला साखर हाय. साखरेनंबी होतं."

"साखर तुला आत्ता झाली. धूर आधी व्हता."

सरांना तर्काची देणगी कुणाकडून आली ते मला तेव्हा कळलं. माय उठून आत गेली, आणि त्या दिवसापासून तिनं लेकाच्या तोंडाकडं बघणं सोडलं. त्याच्याशी बोलताना ती त्याच्या शर्टाच्या गुंडीकडं बघायची. ताट वाढताना म्हणायची, "भाकर उजवीकडं, भाजी डावीकडं," आणि स्वतः चुलीकडं तोंड करून कसंबसं खायची. विहारात जाणं तिनं बंद केलं. तिथं बायका विचारायच्या, सरचे डोळे कसे हायत?

मला हे बघवेना. मी सरांना म्हटलं, "अहो, सांगून टाका ना की धुरानं झालं नाही म्हणून. म्हातारीचा जीव हलका होईल."

"माहीत न्हाई तर न्हाई कसं म्हनू?"

"आईपाशी कसला आलाय हो पुरावा?"

"तिनंच मागितला ना," सर म्हणाले. "सगळं गाव टाळ्या वाजवून घरी गेलं, ती एकली इचार करत बसली. तिला खोटं कसं सांगू?" मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याविषयी माया दाटून आली, दोन्ही एकदमच. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं, आणि खरं त्यांना ठाऊक नव्हतं. प्रामाणिक माणसाची अशी कोंडी दुसऱ्या कुणी करायची गरजच नसते.

मी त्यांना जालन्याला एका डॉक्टरांकडं नेलं. चकचकीत दवाखाना, भिंतीवर हसणाऱ्या डोळ्यांचं चित्र. डॉक्टर म्हणाले, यंत्रानं करू, बारीक छेद, जुनं भिंग आतच फोडून ओढून घेतो. सर म्हणाले, "फोडता? मंग मला काय देता?" डॉक्टर म्हणाले, नवं भिंग देतो ना, उत्तम कंपनीचं. "माझं जुनं मला पाहिजे, अख्खं," सर म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं. सर उठून बाहेर आले.

त्यांनी मनाशी ठरवलं होतं ते असं. डोळ्यांच्या मोफत शिबिरांमध्ये मोतीबिंदू हातानं काढतात, आणि तो पिकून कडक झालेला असला तर भिंगाचा गाभा अखंड बाहेर येतो. तो गाभा म्हणजेच आईच्या पोटात झालेला भाग. तो हातात आला तर त्यात तांबं आहे का, हे तपासता येईल. म्हणून सर मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसले. गाव म्हणायचं, सर ऑपरेशनला भेतेत. सर भिंतीला हात लावत वर्गात जायचे आणि न बघता फळ्यावर आकृत्या काढायचे. त्या पूर्वीपेक्षा बऱ्या यायच्या.

शेवटी अंबडला शिबिर भरलं. पगारदार सर सतरंजीवर म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. शेजारचा आजोबा म्हणाला, "सर, तुम्ही कामून फुकटात? तुम्हाला काय कमी हाय?" सर म्हणाले, "बाबा, इथं जुना माल परत भेटतो." शिबिरातले डॉक्टर वयस्कर होते आणि त्यांना हसण्याचं वावडं नव्हतं. त्यांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि एका छोट्या बाटलीत सरांचा ऐवज त्यांच्या स्वाधीन केला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तपकिरी, गुळाच्या खड्यासारखा.

येताना जीपमध्ये सरांच्या एका डोळ्यावर हिरवं फडकं होतं आणि एक हात शर्टाच्या खिशावर. मी विचारलं, "आता विद्यापीठात पाठवणार?"

"पाठवलं तर तेजाबात इरघळून टाकतील. मंग तांब्याचा आकडा येईल."

"म्हणजे निकाल लागेल."

"कशाचा निकाल? आकडा कशाशी ताडून बघू? हजार जणांचे आकडे लागतेत." त्यांनी खिसा चाचपला. "एकावरून काय बी सिद्ध होत न्हाई."

मी जीप थांबवायलाच लावणार होतो. "अहो, मग हे आधी माहीत नव्हतं का? वर्षभर भिंतीला धडकत कशासाठी हिंडलात?"

"माहीत व्हतं," सर म्हणाले. "पन मायपुढं रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

घरी माय ओसरीवर तूर पाखडत होती. सरांनी खाली बसून बाटली तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उजेडाकडं धरली. "गूळ हाय का काय?"

"माझ्या डोळ्यातलं हाय, माय. तुझ्या पोटात झालेलं."

तिनं बाटली डोळ्याशी नेली. "तांबं हाय का ह्यात?"

"आसंलबी. नसंलबी. मला सांगता येत न्हाई, आन सांगता येईल असं दिसतबी न्हाई." सर सावकाश बोलत होते, वर्गात एखादं कच्चं पोर समोर असावं तसे. "पन एक गोष्ट पक्की माहीत हाय. ह्यात पाठराखीण हाय. तीबी तुझ्याच पोटात झाली, दुसरीकडून कुठून आली न्हाई. तांबं म्हन, ऊन म्हन, माझी साखर म्हन, जे जे आलं ते तिनं एवढे वर्स धरून ठेवलं. म्हनून मी शिकलो, म्हनून बकऱ्याचे डोळे कापत बसलो. धूर तुझा म्हनती ना? मंग पाठराखीणबी तुझीच म्हन."

मायनं बाटली पदरानं पुसली. सूप तसंच मांडीवर होतं. मग ती म्हणाली, "लई दमली असंल बाई."

आणि तिनं मान वर करून लेकाच्या तोंडाकडं पाहिलं. त्याच्या हनुवटीला हात लावला, गालावरून फिरवला. सर, जे कधी कुणासमोर हळवे झाले नाहीत, ते तोंड फिरवून मला म्हणाले, "डोळ्यातून पानी काढायचं न्हाई म्हनला डॉक्टर." मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो, कारण मला डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या पौर्णिमेला विहारात मायचा आवाज पुन्हा ऐकू आला. सर फडकं काढून कॉलेजात आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडं निरखून पाहून विचारलं, "सर, तुमचे केस कवा गेले?" डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या शिबिरात करायचं ठरलं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण दिवाळीच्या सुट्टीत लिहून टाकतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, हे मी आधी ऐकलंय. ते म्हणाले, आता दिसून राह्यलं ना पण.

पुढचं शिबिर आलं नाही. सुट्टी लागायच्या आधी एका सकाळी प्रयोगशाळेत खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं. शोकसभेत प्राचार्यांनी सांगितलं की, सरांनी शेळीपालनावर मोलाचं संशोधन केलं. सभेत कुणी हसलं नाही. खरं तर हसायला हवं होतं, आणि हसणारा माणूसच नव्हता, हे मला त्या क्षणी फार लागलं. मटणवाले चाचा सर्वांत मागं टोपी हातात घेऊन उभे होते.

पुण्यानुमोदनाच्या विधीला मी त्यांच्या घरी गेलो. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका मायभोवती बसल्या होत्या. त्यांतली एक हळहळून म्हणाली, "एवढा हुशार लेक, पन डोळ्याचं सुख न्हाई भेटलं बिचाऱ्याला." माय ताठ झाली. "डोळ्याला काय झाल्तं त्याच्या? मी पोटातून पाठराखीण संग देऊन धाडल्तं त्याला. पन्नाशीपर्यंत सांभाळलं तिनं."

निघताना मी मायच्या पायाला हात लावला. तिनं कमरेच्या बटव्यातून ती बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. मला वाटलं, विद्यापीठात पाठवा म्हणते की काय. ती म्हणाली, "बघा सर. आमच्यात पाठराखीण लेकीला घिऊनच माहेरी माघारी येती. ही एकलीच आली."